पेन्सिलने लिहिलेला ड्युटी चार्ट: एका वॉर्डातून नर्सेस का जात होत्या आणि मग काय बदललं

मी ज्या मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे त्याची ही केस आहे. हॉस्पिटलचं नाव, गाव, माणसं काहीच सांगणार नाहीये, कारण ही गोष्ट एका हॉस्पिटलची नाहीच, तीस बेडचा वॉर्ड आणि अपुरा स्टाफ जिथे जिथे असेल तिथे थोड्याफार फरकाने हेच चाललेलं असतं. पण लिहायचं मात्र एकाच वॉर्डबद्दल, कारण "आरोग्य क्षेत्रात मनुष्यबळाची कमतरता आहे" असं मोठं वाक्य म्हटलं की सगळे माना डोलवतात आणि काहीच हलत नाही.

मोठं चित्र एकदा सांगून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली नर्सिंगवर जो अहवाल काढला त्यात जगात साधारण २ कोटी ७९ लाख नर्सेस आहेत आणि ५९ लाख कमी पडतात असं म्हटलं होतं. डॉक्टर, नर्स, टेक्निशियन असे सगळे मिळून २०३० मध्ये १ कोटीच्या वर माणसं कमी पडतील असाही त्यांचा अंदाज आहे. हे आकडे ऐकले की वाटतं माणसंच नाहीत तर आपण काय करणार. आमच्याकडेही मीटिंगला हेच बोललं जायचं, "मार्केटमध्ये स्टाफच नाही हो सिस्टर". पण खरं सांगायचं तर आमच्याकडे माणसं येत होती, दर दोन महिन्यांनी कोणीतरी जॉइन होत होतं, ती टिकत नव्हती. आणि येत नाहीत हा प्रश्न वेगळा, टिकत नाहीत हा वेगळा, हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली.

आता गणित. कंटाळवाणं आहे पण सगळं त्याच्यावरच आहे. तीस बेड, सकाळी पाच नर्सेस, दुपारी चार, नाईटला तीन. म्हणजे रोज बारा ड्युट्या, आठवड्याला चौऱ्याऐंशी. एक नर्स आठवड्याला सहा ड्युट्या करते, एक ऑफ. मंजूर जागा अठरा, म्हणजे एकशे आठ ड्युट्या हातात, त्यातल्या चोवीस रजा, आजारपण, ट्रेनिंग यासाठी. कागदावर एकदम बरोबर. पण प्रत्यक्षात आमच्याकडे बहुतेक वेळा तेराच जणी असायच्या. तेरा गुणिले सहा अठ्ठ्याहत्तर. म्हणजे कोणी आजारी पडलं नाही, कोणाच्या घरी लग्न नाही, कोणाचं मूल तापलं नाही तरीसुद्धा दर आठवड्याला सहा ड्युट्या उघड्या. आणि दोघी रजेवर असल्या की अठरा. त्या अठरा ड्युट्या कुठून यायच्या? कोणाच्या तरी डबल ड्युटीतून, कोणाच्या तरी ऑफमधून, नाहीतर मग नाईटला तिघींच्या ऐवजी दोघी, म्हणजे एकेकीकडे पंधरा पेशंट.

पंधरा पेशंट म्हणजे काय हे ज्याने केलं नाही त्याला सांगून कळत नाही. रात्रीची अँटिबायोटिक्स द्यायची, दोन पेशंटना दर तासाला शुगर बघायची, एकाचा इन्फ्युजन पंप वाजतोय, एक आजोबा कॅथेटर (लघवीची नळी) ओढतायत, कोपऱ्यातल्या बेडवरच्या बाईंना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची आणि तेवढ्यात इमर्जन्सीमधून फोन, "सिस्टर, पेशंट पाठवतोय, बेड तयार ठेवा". यातलं काहीतरी राहणारच. काय राहिलं हे घरी जाताना आठवतं, तेव्हा पोटात गोळा येतो, आणि मला वाटतं माणूस दमण्यापेक्षा त्या गोळ्याने जास्त खचतो.

२००२ साली अमेरिकेत लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटल्सचा अभ्यास छापला होता. एका नर्सकडे सरासरी एक पेशंट वाढला की सर्जरीच्या पेशंटची तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि त्या नर्सला बर्नआउट, म्हणजे कामाने पार खचून जाणं, येण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. मी हा कागद मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये नेला होता. दोन्ही आकडे एकाच ठिकाणाहून निघतात हे मला दाखवायचं होतं, पेशंटचं नुकसान आणि नर्सचं जाणं या दोन वेगळ्या फायली नाहीत. त्या दिवशी फारसं कोणी ऐकलं नाही, नंतर ऐकलं, ते पुढे येईलच.

आधी काय काय करून पाहिलं

पहिला उपाय जॉइनिंग बोनस. एचआरने नव्या येणाऱ्यांना जॉइन झाल्यावर एक रक्कम द्यायचं ठरवलं. अर्ज वाढले, खरंच वाढले. पण त्याच वॉर्डात नऊ वर्षं काम करणारी एक सिस्टर होती, जी कुठल्याही नव्या मुलीला हाताला धरून शिकवायची, तिला कोणीही कधी काही दिलं नव्हतं. ती मला एवढंच म्हणाली, "ताई, म्हणजे इथे थांबण्यापेक्षा सोडून परत आलं तर जास्त मिळतं का?" मला उत्तर देता आलं नाही. चार महिन्यांनी ती गेली. तिच्याबरोबर वॉर्डाची अर्धी अक्कल गेली असं मी म्हणेन, कारण कुठल्या डॉक्टरला कधी फोन केला तर उचलतात, कुठला मॉनिटर खोटा अलार्म देतो, कुठल्या पेशंटकडे बघून "हा आज रात्री बिघडणार" हे कळतं, ते कुठल्याच फाईलमध्ये लिहिलेलं नसतं.

दुसरा उपाय बॉन्ड. दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर पैसे भरा. याचा परिणाम असा झाला की मुली थांबल्या, पण मनाने केव्हाच गेलेल्या होत्या, कॅलेंडरवर दिवस मोजत होत्या, आणि बॉन्ड संपला त्याच आठवड्यात राजीनामा. शिवाय नर्सिंग कॉलेजच्या बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात, तिथे "तिकडे जाऊ नका, अडकवतात" हे एकदा पसरलं की जाहिरातीवर कितीही खर्च करा, उपयोग नाही. माझं स्पष्ट मत आहे की ज्या ठिकाणी माणसाला बांधून ठेवावं लागतं तिथे आधी दोर सोडून जागा कशी आहे ते बघावं.

तिसरं म्हणजे एक्झिट इंटरव्ह्यू. फॉर्म होता, त्यात खुणा करायच्या. जाणारी मुलगी कशाला खरं बोलेल? तिला एक्स्पिरियन्स लेटर हवं असतं, पुढच्या ठिकाणाहून चौकशीचा फोन येणार असतो. त्या एका वर्षात माझ्या वॉर्डातून अकरा जणी गेल्या. अकरापैकी नऊ जणींच्या पत्रात एकच कारण, "घरगुती कारणास्तव". एचआरने तेच कॉम्प्युटरमध्ये भरलं आणि वर्षाच्या शेवटी रिपोर्ट आला की बहुतेक राजीनामे घरगुती कारणांमुळे आहेत, त्यामुळे हॉस्पिटलला यात करण्यासारखं फार काही नाही.

हा रिपोर्ट वाचून मी त्या रात्री झोपले नाही. नऊ जणींच्या घरी एकाच वर्षात असं काय झालं?

चार्ट आणि राजीनामे शेजारी शेजारी ठेवले तेव्हा

आमच्याकडे ड्युटी चार्ट पेन्सिलने करायची पद्धत होती. मीच करायचे. मोठा कागद, डावीकडे नावं, वर तारखा, चौकोनात स., दु., ना., ऑफ. पेन्सिलने का, तर बदलावा लागतो म्हणून. सोमवारी लावलेला चार्ट शनिवारपर्यंत दहा वेळा खोडलेला असायचा. जुने चार्ट मी फेकत नव्हते, कपाटात होते. एका रविवारी मी ते सगळे काढले आणि अकरा राजीनाम्यांच्या तारखा घेऊन बसले, प्रत्येकीच्या राजीनाम्याच्या आधीचे आठ आठवडे काढून तिच्या ओळीवरून बोट फिरवत गेले.

आणि खरंच बोटाला कळत होतं. काही ओळींवर कागद गुळगुळीत होता आणि काही ओळींवर खोडून खोडून इतका पातळ झालेला की एका ठिकाणी चक्क भोक पडलं होतं. ज्या ओळींवर कागद पातळ होता, त्याच मुली गेल्या होत्या. अकरापैकी आठ. कोण होत्या त्या? ज्या "नाही" म्हणत नव्हत्या. कोणी आलं नाही की मी कोणाला फोन करायचे? जी उचलते तिला. जी ऑफच्या दिवशीसुद्धा "हो ताई, येते" म्हणते तिला. जी नाही म्हणते तिला मी दुसऱ्यांदा विचारायचंच सोडून दिलं होतं, त्यामुळे तिची ओळ कोरी, आणि ती आजही तिथे कामाला आहे. म्हणजे सगळ्यात चांगल्या मुलींना सगळ्यात जास्त खोडत होते ते मीच, माझ्याच रबराने. हे मान्य करायला मला फार जड गेलं.

आठ जणींमध्ये अजून एक गोष्ट सारखी निघाली. प्रत्येकीने शेवटच्या दोन महिन्यांत एकदा तरी आधी सांगून रजा मागितली होती आणि ती मिळाली नव्हती. एकीच्या सख्ख्या बहिणीचं बाळंतपण होतं. एकीची परीक्षा. म्हणजे पत्रात "घरगुती कारण" लिहिलं होतं ते खोटं नव्हतंच, घरातलं काहीतरी होतं आणि त्याला आमच्या चार्टमध्ये जागा नव्हती. आपण ते उलटं वाचत होतो.

राहिलेल्या तिघींपैकी दोघी एकाच महिन्यात गेल्या होत्या, आणि तो महिना सगळ्यांना आठवतो. एका पेशंटच्या नातेवाइकाने नाईटला एका सिस्टरला ढकललं होतं, ती औषधाच्या ट्रॉलीवर आपटली. दुसऱ्या दिवशी प्रशासनाने तिलाच बोलावून "तुम्ही नीट बोलायला हवं होतं, विषय मिटवून टाका" असं सांगितलं. जिला ढकललं ती गेली नाही, पण तिच्याबरोबर त्या रात्री ड्युटीवर असलेल्या दोघी गेल्या. ज्यांनी नुसतं पाहिलं त्यासुद्धा जातात हे मी तेव्हा शिकले.

आणि नव्या मुलींचं काय होत होतं

अकरापैकी सात जणी वर्षभराच्या आतल्या होत्या. नवी मुलगी जॉइन झाली की दोन दिवस ओरिएंटेशन, त्यातला एक दिवस फॉर्म आणि आयकार्डमध्ये, आणि तिसऱ्या दिवशी चार्टवर तिचं नाव पूर्ण माणूस म्हणून. म्हणजे चौऱ्याऐंशीच्या हिशोबात तिच्या सहा ड्युट्या मोजल्या. पण ती पूर्ण माणूस नसते ना, नसावीच. तिला ट्रॉलीत काय कुठे आहे माहीत नसतं. तिला सांगण्यात एका सीनियरचा अर्धा वेळ जातो. म्हणजे जॉइनिंगनंतरचे सहा-आठ आठवडे वॉर्डात माणूस वाढत नाही, उलट अर्धा कमी होतो, आणि चार्ट म्हणतो एक वाढला. सीनियर चिडते, नवी घाबरते.

मार्लीन क्रेमर या नर्सिंगच्या अभ्यासकाने १९७४ सालीच याला रिॲलिटी शॉक म्हटलंय, कॉलेजमध्ये शिकलेलं काम आणि वॉर्डात दिसणारं काम यातली दरी. आमच्याकडची एक मुलगी, जॉइन होऊन पाच आठवडे झालेली, तिच्या पेशंटला सकाळी चार वाजता सीपीआर द्यावा लागला, पेशंट गेला. तिची काही चूक नव्हती. पण तिने बॉडी तयार केली, पेपर पूर्ण केले, सात वाजता पुढच्या शिफ्टला ओव्हर (पेशंटची माहिती) दिला आणि मग मेडिसिन रूममध्ये फ्रीजला टेकून उभी राहिली. मी आत गेले तर म्हणाली, "ताई, मी एक वाजता बीपी घेतला होता, तीनचा राहिला." त्या रात्री दोघीच होत्या, तिच्याकडे चौदा पेशंट होते. मी काय केलं? मी तिला घरी पाठवलं आणि संध्याकाळी फोन केला की आज रात्री पण ये, कोणी नाहीये. ती आली. दहा दिवसांनी पत्र आलं. घरगुती कारण. अशा प्रसंगानंतर हादरलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला दुसरा बळी म्हणण्याची कल्पना अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० साली मांडली, मी ती फार उशिरा वाचली.

मग काय बदललं

सगळं एकदम झालं नाही, आणि सगळं मान्यही झालं नाही. मी ते चार्ट, तो भोक पडलेला कागदसुद्धा, मेट्रन मॅडमना, म्हणजे हॉस्पिटलच्या नर्सिंग प्रमुखांना, दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि काहीच बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी मला घेऊन वर गेल्या. या वेळी ऐकलं गेलं, कारण आम्ही डबल ड्युटीचे पैसे, एजन्सीकडून आणलेल्या स्टाफचे पैसे आणि दर नव्या मुलीच्या ट्रेनिंगमध्ये जाणारे तास असं सगळं एका कागदावर मांडलं होतं, आणि ते चार माणसांच्या पगाराच्या वर जात होतं.

पहिली गोष्ट, चार्ट पेनने. चार आठवडे आधी लागणार, आणि लागल्यावर मी बदलणार नाही. आपसात बदली करायची तर दोघींनी वहीत सही करायची, मला फक्त सांगायचं. ऑफच्या दिवशी वॉर्डातून फोन जाणार नाही, मी करणार नाही आणि दुसरं कोणी करणार नाही. रजेची वही वेगळी, जी आधी लिहील तिला आधी, आणि नाकारली तर कारण मी लिहून द्यायचं. हे ऐकायला अगदी साधं वाटतं. पण उघड्या ड्युट्या कोण भरणार हा प्रश्न तसाच होता, म्हणून पूर्ण हॉस्पिटलसाठी चार जणींचा एक पूल केला, ज्यांचा ठरलेला वॉर्डच नाही, गॅप असेल तिथे जायचं, त्याचा वेगळा भत्ता. स्वेच्छेने. दोघी तर लगेच तयार झाल्या, त्यांना एकाच ठिकाणी राहायचा कंटाळा होता.

दुसरी गोष्ट सगळ्यात जास्त भांडण झालेली. पूलमधूनही कोणी मिळालं नाही आणि नाईटला दोघीच उरल्या तर सहा बेड बंद. ॲडमिशन दुसऱ्या वॉर्डात, नाहीतर दुसऱ्या हॉस्पिटलला. डॉक्टर मंडळी नाराज झाली, बिलिंग नाराज झालं. कॅलिफोर्नियात २००४ पासून एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट हे कायद्यानेच ठरलंय, जनरल मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आता पाच, आयसीयूत दोन. आमच्याकडे पाच म्हणजे स्वप्नच, आम्ही नाईटला बारा मागत होतो. पहिल्या तीन महिन्यांत दोनदा बेड बंद ठेवले. दोनदाच. पण ते ठेवले गेले हे वॉर्डात सगळ्यांनी पाहिलं, आणि त्याचा जो परिणाम मुलींच्या चेहऱ्यावर झाला तो कुठल्याच बोनसने झाला नव्हता.

तिसरं, नवी मुलगी आठ आठवडे चार्टच्या मोजणीत नाही. जास्तीची. तिच्याबरोबर एक ठरलेली प्रिसेप्टर, म्हणजे शिकवणारी अनुभवी सिस्टर, तीच ड्युटी, तोच ऑफ, आणि प्रिसेप्टरला पेशंट कमी व शिकवण्याचा भत्ता. नऊ वर्षांची सिस्टर गेली नसती तर ती पहिली प्रिसेप्टर झाली असती, हे मला आजही टोचतं.

चौथं किरकोळ वाटेल, पण दुपारच्या शिफ्टला एक वॉर्ड क्लार्क मिळाला. रिपोर्ट आणणं, इंडेंट (सामानाची मागणी) टाकणं, डिस्चार्ज फाईल घेऊन बिलिंगला पळणं, फार्मसीशी हुज्जत, हे सगळं नर्सेस करत होत्या. एकीने मला सांगितलं होतं की मला पेशंटचा कंटाळा आला नाहीये, मला लिफ्टचा कंटाळा आलाय. मावशी आणि मामा लोकांचीही हीच गत होती, तेही कंत्राटावर, तेही सोडून जायचे, आणि त्यांचं काम परत नर्सच्या अंगावर. त्यांच्या बाबतीत आम्ही फार काही करू शकलो नाही, कंत्राटदार वेगळा, विषय अडकूनच राहिला.

आणि एक्झिट इंटरव्ह्यू ऐवजी मी दर तीन महिन्यांनी प्रत्येकीशी पंधरा मिनिटं बोलायला लागले, ती असतानाच. काय चाललंय, कशामुळे सोडावंसं वाटतं, माझ्या हातातलं काय आहे. पहिल्यांदा सगळ्या "सगळं ठीक आहे ताई" म्हणाल्या. तिसऱ्या वेळेपासून बोलायला लागल्या.

पुढच्या वर्षी चार जणी गेल्या. अकराच्या जागी चार. नेमकं कशामुळे हे मी छातीठोक सांगू शकत नाही, पगारही त्या वर्षी थोडे वाढले होते, आणि एका वॉर्डावरून सिद्धांत काढू नये. चारपैकी दोघी परदेशी गेल्या. त्यांना मी अडवलं नाही, कोणी अडवूही नये. २०२० च्या त्याच अहवालानुसार जगात दर आठपैकी एक नर्स ती जन्मली किंवा शिकली त्या देशाबाहेर काम करत होती. जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची आंतरराष्ट्रीय भरतीबद्दलची आचारसंहिता आहे, तीसुद्धा देशांना सांगते की जिथे आधीच माणसं कमी तिथून ठरवून ओढून नेऊ नका, पण जायचा हक्क माणसाचा आहे तो काढून घेत नाही. मी फक्त एवढं केलं की ज्या परदेशी जायच्या परीक्षा देतायत त्यांनी मला आधी सांगावं, सांगितल्याबद्दल त्यांचं काही बिघडणार नाही. दोघींनी सहा महिने आधी सांगितलं. त्यातली एक जाईपर्यंत प्रिसेप्टर म्हणून काम करत होती.

नाईटचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. प्रिसेप्टर दिवसा असते, पण नवी मुलगी पहिल्यांदा नाईटला लागते तेव्हा आठ आठवडे संपलेले असतात आणि प्रिसेप्टर तिच्याबरोबर नसते. हे मला माहीत होतं, मी पुढे ढकलत होते. चारपैकी शेवटच्या मुलीचं राजीनाम्याचं पत्र आलं ते दीड पानी होतं. त्यात घरगुती कारण नव्हतं. तिने लिहिलं होतं की पहिल्या चार नाईट्सना शेजारी कोणीतरी ओळखीचं हवं होतं, आणि खाली त्या चार नाईट्सच्या तारखा लिहिल्या होत्या. मी तेच पत्र घेऊन मेट्रन मॅडमकडे गेले. आता आठाच्या जागी दहा आठवडे मागितलेत, शेवटचे दोन नाईटचे, प्रिसेप्टरबरोबर. अजून मंजुरी आलेली नाही, पण पुढच्या महिन्याच्या चार्टवर मी ते पेनने लिहून टाकलंय.